बशीत काहीच उगवलं नाही

४ तारीख, मंगळवार

"वाढ नाही." पुन्हा तेच दोन शब्द! लेकीच्या पाठीतून काढलेलं पाणी तीन दिवस काचेच्या बशीत ठेवलं, जंतू वाढतोय का बघायला. म्हणे काहीच उगवलं नाही. ताप एकशे तीन, मान वळत नाही — आणि कागद म्हणतो काही नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या रक्ताचाही इथल्याच लॅबने अस्साच कागद दिला होता. अकराव्या दिवशी हे गेले. नमुना सांडला असेल, नाहीतर बदलला असेल. तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

५, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, एक नवी तपासणी आहे. त्या पाण्यातली जनुकं यंत्र वाचतं. त्यावरून जंतू ओळखतात."

"बशीला दिसला नाही तो यंत्राला दिसणार?"

"उगवायला जंतू जिवंत लागतो. वाचायला मेलेलाही चालतो."

बोलणं गोड. नको तेवढं गोड. मग हळूच — "घरी आधी काही गोळ्या दिल्या होत्या?" हे चौथ्यांदा! म्हणजे खापर आमच्या डोक्यावर फोडायची तयारी. ठणकावून सांगितलं, आमच्या घरात डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी गोळी गिळत नाही.

६, गुरुवार

वाचनालयातून जंतूंवरचं जाड पुस्तक आणलं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. यंत्र कातडीवरचे, हवेतले, सगळेच जंतू दाखवतं म्हणे. मग कुणाच्याही पाण्यात काहीतरी सापडणारच की!

जावई म्हणाले, "आई, तुम्ही पोलिसात हव्या होतात."

"असते तर आधी ती लॅब सील केली असती."

हसले बिचारे. डबा दोघांनीही उघडला नाही.

७, शुक्रवार

सकाळी लेकीने मला ओळखलं नाही.

८, शनिवार

निकाल आला. यंत्राने पाच नावं काढली. चार कातडीवरची, सोडून द्यायची. पाचवा मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा — आणि चालू औषध त्याला लागूच पडत नव्हतं! तासाभरात सलाईनमधलं औषध बदललं.

मी विचारलं, "म्हणजे बशी खोटी?"

"खोटी नाही, मावशी. जंतू उगवला असता तर कोणत्या औषधाने मरतो तेही तिथेच कळलं असतं. यंत्र ते सांगेलच असं नाही. पण जंतू मारायच्या गोळ्या आधीच अर्धवट पोटात गेल्या असल्या, की पुष्कळदा बशीत काही उगवत नाही."

परत गोळ्या! चोर तो चोर, वर शिरजोर.

११, मंगळवार

ताप उतरला. लेकीने चहा मागितला. साखर कमी आहे म्हणाली! जिन्यात जाऊन रडून आले.

आता ह्यांचं. लॅबविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. नमुना कुणी हाताळला, कुठे ठेवला — सगळं विचारलंय. तीन पानं झाली.

१३, गुरुवार

तीन पानं लेकीला वाचून दाखवली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी गोळ्या घेतल्या होत्या. दुकानातून आणून, तीन दिवस."

मग — "बाबांनाही मीच दिल्या होत्या. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

मी तिचे केस विंचरत होते. हात थांबू दिला नाही.