बुलबुल कोणाला म्हणायचं

बाबा, पाखरांच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात. चिमणी कलकलते, कावळा बोंबलतो, पोपट नुसत्या नकला करतो. बुलबुल म्हणायचं ते गाणाऱ्यालाच, असं तुमचं म्हणणं. आपल्या गायन पार्टीत इतक्या बाया होत्या, पण तो शब्द तुम्ही एकट्या मला दिलात. देऊळघाटला जयंतीच्या कार्यक्रमात पेटीवर बोटं ठेवून तुम्ही म्हणालात, "आता आमची बुलबुल गाईन." माझे पाय जमिनीवर नव्हते त्या दिवशी.

मग दुसरबीडचे पाहुणे मला पाहायला आले. मी आत स्टोपाशी पोह्यांवर कोथिंबीर टाकते आहे, कान सगळे बाहेर. कोणीतरी विचारतं, "पोरगी गाणंबिणं म्हणते काय जी?" आता बोलावतील म्हणून मी घसासुद्धा खाकरला. अन् तुम्ही हसून म्हणालात, "छे हो! आमच्या घरात फक्त रेडिओ गाते."

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "काऊन असं म्हणलं, बाबा?"

"स्टेजवर गाणारी पोरगी कोण करून घेते, माय? जमलं ना? मंग झालं."

पेटी तुम्ही चुलतभावाला देऊन टाकलीत. पुन्हा कधी मला बुलबुल म्हणाला नाहीत; माहेरी आले की नुसतं "आली का?" केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. बापाला काय म्हणू?

परवा जेवता जेवता हे म्हणाले, "देऊळघाटले तुह्यं गाणं ऐकलं, म्हणून तर तुले पाहाले आलतो. तुहा बाप नाही म्हणला. मले वाटलं, तुलेच आवडत नसन आता. म्हणून कधी विचारलं नाही."

ऐकलंत? ज्याच्यापासून लपवलंत, तो गाण्यासाठीच आला होता. अन् आम्ही दोघं एका घरात म्हातारे झालो, गप्प.

काल कुंपणावर बुलबुल बसला होता, तुऱ्याचा, शेपटीखाली लाल. नातीनं विचारलं, "आजी, हा गाते कसा?" म्हटलं, "तुह्या आबाले विचार. त्यायनं ऐकलं हाये."

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. दुपारी घरात कोणी नसताना देऊळघाटचंच गाणं म्हणून पाहिलं. आवाज पार फाटलाय. तुमच्यावरचा राग काही जायचा नाही, माझ्यासोबतच जाईल तो. पण कडवं संपल्यावर मी थांबले, बाबा. पेटीवरून मान वर करून तुम्ही "वा रे बुलबुल" म्हणाल म्हणून.