तीन रेघा, एक टिंब

९ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, कोट घालून काचेच्या दाराआड उभ्या राहणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव घालते आहे, तेवढ्यावर समाधान मान.

आम्ही ठीक. वरच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर अजूनही आमच्याच छतातून गळतं आणि ते अजूनही म्हणतात की आमचं नव्हेच. तुझ्या भाचीला नव्या नोकरीत खिडकीजवळची जागा मिळाली, सध्या तिच्या फोनमध्ये दुसरा विषय नसतो. दुकान बंद केल्यापासून तुझे भावोजी घरातल्या धडधाकट वस्तू उघडून बसतात. परवा मिक्सर उघडला. आता तो पूर्वीपेक्षा जास्त ओरडतो, पण हे म्हणतात, आता त्याचा घसा मोकळा झालाय.

बरं, आता मुद्द्याचं. अरे लबाडा! सकाळी तुमच्या कंपनीच्या दुरुस्ती विभागातून फोन आला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या नावावरच्या घड्याळासंबंधी बोलायचं होतं, येऊन जाल का?" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसत सुटले. सहा वर्षं यादीत नाव, टिल्लू! गेल्याच महिन्यात मला म्हणालास, "ताई, तिसऱ्या नंबरावर आली आहेस, वरून माल सुटला की तुझंच." आणि मनात हे होतं तर. शोरूममधून फोन न येता दुरुस्तीवाल्यांकडून कसा आला, हे आधी कळेना. मग वाटलं, पट्ट्याच्या कड्या मनगटाप्रमाणे कमी कराव्या लागतात, ते काम तिकडेच होत असेल.

माप माझ्याकडे तयार आहे. नाव नोंदवलं तेव्हा हे दुपारी झोपले असताना मी त्यांच्या मनगटाला दोरा गुंडाळून गाठ मारून ठेवली होती. आज परत गुंडाळून बघितला, तर नवी गाठ बरीच आत आली. माणूस वाळलाय. हातही थरथरतो आता, तुला माहीतच आहे. पण हे घड्याळ म्हणे हात हलला की स्वतःच चावी घेतं, म्हणजे यांच्या हातावर ते जगात सगळ्यात जोरात चालेल. हा विनोद त्यांचाच आहे, माझा नाही.

आजच्या फोनचं त्यांना अजून काही बोलले नाही. उमेदवारीच्या काळात त्यांनी ह्याच जातीचं एक घड्याळ उघडलं होतं. आतून असं दिसतं म्हणाले, की बनवणाऱ्याला कोणी घाई केली नव्हती. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं हातात घेतली आणि परत दिली. एक तरी परत द्यावं न लागणारं असावं, एवढंच माझं होतं.

पाकिटाला तिकीट लावून ठेवते. उद्या घड्याळ हातात आलं की खाली दोन ओळी वाढवून पत्र टाकते.

तुझी,
आज फार खुशीत असलेली
ताई

२८ मार्च

टिल्लू,

वरचं पत्र टाकायचं राहिलं. फाडणार होते. मग म्हटलं नको, तूही वाच.

एवढ्या दिवसांत तुझे सात फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हसवतोस. लहानपणापासून तुझं तेच. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

दहा तारखेला मी गेले. चांगले कपडे, पर्समध्ये दोरा. काउंटरवरच्या मुलीने माझं ओळखपत्र बघितलं आणि मखमली तबकात ते घड्याळ आणून ठेवलं. मी हात पुढे केला, तर तिने तबक हळूच स्वतःकडे ओढलं. म्हणाली, "हे आता ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुरुस्तीला दिलंय. आमच्या नोंदीत पहिली खरेदी तुमची आहे. चार वर्षांपूर्वीची."

मी म्हटलं, "माझी? मी तर अजून यादीत आहे."

तिने कागद फिरवून माझ्यापुढे धरला. खरेदीची पावती, माझं नाव, माझा पत्ता आणि माझी सही. टिल्लू, सही मात्र तू सुरेख करतोस. शेवटच्या अक्षराखालचा फाटासुद्धा जमवलायस. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचास तेव्हा तो फाटा नेहमी चुकायचा आणि मी तुला पाठीशी घालायचे. तेव्हाच एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. "ताई, तुझी पै तरी मी घेतली का?" नाही घेतलीस. माझी शिल्लक बँकेत जशीच्या तशी आहे. कोणा दलालाने पैसे भरले, घड्याळ त्याने नेलं, आणि त्याने तुझ्या खिशात काय घातलं ते मला ऐकायचंही नाही. तू माझा नंबर विकलास. मी दोन वर्षं वाट बघितली, माझी पाळी खरोखरच आली, आणि ती तू दुसऱ्याला देऊन टाकलीस. पुढची चार वर्षं मला तिथेच उभी ठेवलीस, जिथे रांगच नव्हती.

आणि ते कफलिंक! "ताई, नुसतं नाव असून चालत नाही, खरेदीचा इतिहास लागतो, काहीतरी घेऊन ठेव म्हणजे वर दिसेल." आधी ते खड्यांचं चिमुकलं बायकी घड्याळ घ्यायला लावलंस, ज्यात मला वेळच दिसत नाही. मग पेन. मग कफलिंक. तुझ्या भावोजींकडे पूर्ण बाह्यांचा एकही शर्ट नाही हे माहीत असताना मी ते घेतले. घरी आल्यावर तारीख बघितली. कफलिंक घेतले तेव्हा घड्याळ जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढं कशाला करायचं, टिल्लू? मी कुठे संशय घेत होते?

आता माझं एक सांगते. ते न लिहिता हे पत्र पुरं झालं तर मीही तुझ्याचसारखी.

नवीन नोकरी लागली तेव्हा तू आमच्याकडे जेवायला आला होतास. तिजोरीत घड्याळं असतात, तरी काचेच्या कपाटात जागा रिकामी ठेवायची, हे तू आम्हाला साभिनय करून दाखवलंस. रिकामी जागा बघितली की गिऱ्हाईक वेडं होतं म्हणालास. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला येऊन "आमचं काही?" असं विचारायचे, त्यांची नक्कल केलीस. मान तिरकी, हातात टोपी. मी हसले होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांच्या याद्या सांभाळल्या मी. तू शाळेत असताना एका पुस्तकासाठी हटून बसला होतास, तरी तुला अकरावा नंबर दिला आणि दहा वाचक होईपर्यंत थांबवलं. त्या मी मास्तरांना हसले, कारण मला वाटलं आपण आतल्या आहोत. यादी बाहेरच्यांसाठी असते, आपला तर भाऊच आत आहे. शेजारी-पाजारी सांगत फिरले ना मी! मास्तरांचं पुढे काय झालं, हे मी तुला एकदाही विचारलं नाही.

इथवर मला राग आला होता. खरं तर त्या काउंटरवरही नुसता रागच होता, रडू नव्हतं. ते पुढे आलं.

ती मुलगी म्हणाली, "दुसरी अडचण अशी की घड्याळ बाहेरच्या माणसाने उघडलंय, त्यामुळे हमी रद्द होते." आणि तिने मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा मोठा केलेला फोटो दाखवला. कडेला सुईने कोरलेल्या तीन बारीक रेघा, एक टिंब, खाली महिना आणि वर्ष. "ही खूण कोणाची, तुम्हाला काही कल्पना आहे?" असं तिने विचारलं.

तुला माहीत नसेल. घड्याळजी काम झालं की झाकणाच्या आत आपली खूण करतो, पुढे कोणी उघडलं तर कळावं की इथे आधी कोणाचा तरी हात फिरलाय. तीन रेघा आणि एक टिंब आमच्या इस्त्रीच्या पोटात आहे, बॅटरीच्या झाकणात आहे, माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. आता मिक्सरमध्येही असेल.

खाली तारीख होती तीन वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, "हो. माझ्या नवऱ्याची." ती म्हणाली, ते आमचे अधिकृत कारागीर नाहीत. मी म्हटलं, "नाहीत. पण घड्याळ चालतंय ना?"

घरी आले. हे खिडकीशी बसून मिक्सरचंच भांडं पुसत होते. तिच्याकडून मागून आणलेला फोटो मी टेबलावर ठेवला आणि शेजारी दोरा. त्यांनी फोटो बघितला, डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून. म्हणाले, "कळलं वाटतं."

"किती दिवस होतं तुमच्याकडे?"

"तीन. कोणा व्यापाऱ्याचं होतं. दलालाकडून घेतलेलं, म्हणून कंपनीत न्यायला घाबरत होता. डबीत कार्ड होतं, त्यावर तुझं नाव."

"आणि दुरुस्त करून देऊन टाकलंत?"

"मग काय करू? त्याचं होतं ते."

"हातात घालून तरी बघितलंत?"

"दुसऱ्याचं घड्याळ मी कधी घातलेलं नाही," ते म्हणाले. मग फोटो पालथा ठेवून, "तुला भाऊ एकच आहे. घड्याळं पुष्कळ येतात."

मग ते भांडं पुसायला लागले. मी आत गेले आणि नळ सोडून रडले, टिल्लू. तीन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला. "आज त्याचा फोन आला होता, आता चौथा नंबर आहे," असं मी सांगायचे आणि ते म्हणायचे, "अरे वा." तू घरी आलास की त्या दिवशी दुकानात नेमकं काम निघायचं. मला वाटायचं, थकलेत. एकदा तर मी त्यांच्याशी भांडले, की माझ्या भावाशी दोन शब्द धड बोलत नाही तुम्ही. तेव्हाही गप्प राहिले.

त्यांनीही मला फसवलं म्हणायचं का? म्हटलं मी तसं, त्याच दिवशी, आणि दोन दिवस अबोला धरला. पण त्यांनी तोंड बंद ठेवलं ते मला भाऊ उरावा म्हणून. त्या भावाने मात्र त्याच तीन वर्षांत मला कफलिंक विकले.

आता शेवटचं. त्या मुलीने मला एक फॉर्म दिलाय. यादीतून घड्याळ घेऊन लगेच विकणाऱ्याचं नाव कंपनी कायमचं काढून टाकते, म्हणून खुलासा मागितलाय. दोन चौकोन आहेत. एक, घड्याळ मी घेतले व नंतर विकले. दुसरा, अन्य, तपशील द्यावा. पहिल्यावर खूण केली तर फक्त माझं नाव जाईल, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. हे म्हणाले, "पहिल्यावर कर आणि मोकळी हो. घड्याळ नको मला. खरंच नको." तो फॉर्म दोन आठवडे कपाटात कपड्यांखाली होता. रोज काढायचे, परत ठेवायचे.

काल वाटलं, असाच ठेवावा. तुला कळवावं की फॉर्म माझ्याकडे आहे, मग बस म्हणावं वाट बघत. तू फोन केलास की सांगायचं, अजून काही ठरलं नाही रे, बघते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. फार गोड वाटला मला तो विचार, अगदी तुझ्यासारखा. आणि मग त्याचीच शिसारी आली.

तेव्हा आज सकाळी दुसऱ्या चौकोनात खूण केली. तपशिलात एकच वाक्य लिहिलं, "हे घड्याळ मला कधीही मिळाले नाही व पावतीवरील सही माझी नाही." खाली माझी खरी सही केली. पाकीट बंद करताना हे दारात उभे होते. चप्पल घालून माझ्याबरोबर पेटीपर्यंत आले. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ते पाकीट तुझ्या साहेबांच्या टेबलावर असेल. तुला थांबवून ठेवलं नाही मी.

वहिनीला माझ्याकडून काही सांगू नकोस, मी सांगेन. मुलांना आत्याचं घर उघडं आहे, नेहमीसारखं. तुझ्याबद्दल मला आज काही लिहिता येत नाही.

यांची प्रकृती बरी आहे. दोरा त्यांनी मागून घेतला आणि मिक्सरची वायर बांधायला वापरला.

खाली सही करत नाही. ती तुला करता येते.