नवसाबाईंची चाल

३ फेब्रुवारी
इंदिरानगरातल्या ॲनिमेशन स्टुडिओत आज रुजू झाले. खिडकीशी टेबल, खालून दिवा लागणारी काच, नव्या पेन्सिली! मालक ललितसरांनी माझ्यासाठी पेढे आणले होते. शेजारी पुंजारामकाका. साठी उलटली तरी प्रत्येक चित्र कागदावर हातानं काढतात. वारलेल्या बायकोवर, नवसाबाईंवर, फिल्म करतायत. झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन त्या बांधावरून चालतात, एवढंच. पण चालताना डावा खांदा किंचित कलतो आणि बाई जिवंत होते.

७ फेब्रुवारी
तीच चाल चार दिवस काढतेय. माझी बाई चालत नाही, नुसती सरकते. बारा वर्षं घालवली या कामात! काका मायेनं म्हणाले, "प्रतिभा, पोरी, मी काय काढत नाय. ती आठवती, हात चालतो." जळफळाट झाला माझा.

१२ फेब्रुवारी
सरांनी एआय आणलंय. नमुने दिले की त्याच हातासारखं काढतं. काकांनी चित्रं द्यायला साफ नकार दिला. दुपारी ते जेवायला गेल्यावर मी त्यांचा गठ्ठा स्कॅन केला. सगळा.

१३ फेब्रुवारी
पडद्यावर नवसाबाई चालल्या. खांद्यासकट! काका मात्र कोऱ्या कागदासमोर बसून. मग स्वतःचंच चित्र उचलून मला विचारलं, "ही बाई कोण गं?" थट्टा वाटली. डोळे पाहिले. थट्टा नव्हती.

१७ फेब्रुवारी
काका येत नाहीत. सून सांगत होती, घरातल्या फोटोकडेही परक्यासारखे बघतात. वय झालं, दुसरं काय. सर दिवसभर यंत्राचंच कौतुक करतात. माझं टेबल आता जिन्यापाशी. जळते मी त्याच्यावर, लिहितेच. त्यानं माझ्या हातासारखं काढावं, मग बघू कौतुक कुणाचं होतं. आईची शेकडो चित्रं आहेत माझ्याकडे, लहानपणापासूनची.

१८ फेब्रुवारी
दिली. पडद्यावर बाई हसली. टाळ्या. सर म्हणाले, हुबेहूब तुझी आई. मी मान डोलावली — कशाला, कळेना.

१९ फेब्रुवारी
नाशिक रोडहून एक बाई आलीय. रडतेय. मला बाळा म्हणते. चेहरा पडद्यावरच्या बाईसारखा, पण तितका नीट नाही — बाहेर बसवलंय. यंत्राला अजून हवंय. ही वहीसुद्धा स्कॅन करून दिली, माझं अक्षर —

२० फेब्रुवारी
बाई गेली नाही. दाराशी उभी. प्रतिभा, प्रतिभा म्हणून हाका मारतेय. इथे तर मी एकटीच — मग प्रतिभा को