गिरणीच्या दोषवह्या

अप्पा,

तुमच्या गिरणीच्या दोषवह्या सापडल्या. फोल्डिंग खात्यात तुम्ही कापड तपासायचा, धागा तुटलेला दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा, आणि तेवढा तुकडा कापून वहीत चिकटवायचा. गिरणी गेली, तुम्ही गेलात, वह्या राहिल्या. ते तुकडे दालनात टांगून आम्ही चौघं एक प्रयोग उभा करतोय. चौघांच्याही मेंदूची ठेवण वेगळी आहे. एक जण स्वमग्न आहे, एकाला अक्षरं स्थिर दिसत नाहीत, एकीला गर्दीचा गलका सोसत नाही. चौथी मी. होय, मीच. डॉक्टरांनी पन्नाशीत माझ्या ठेवणीचं नाव सांगितलं, स्वमग्नता. तुम्ही मी सहा वर्षांची असतानाच ओळखलं होतं. आनंद झाला की माझे हात फडफडायचे आणि तुम्ही ताटावरून ओरडायचा, "हात गप ठेव की! लोक बघायलेत." मी हात पाठीमागे बांधायला शिकले. पुढं तसेच हात बांधून सभा गाजवल्या, तेव्हा लोक म्हणाले, काय रुबाब आहे बाईंचा!

परवा तालमीला प्रदर्शनाचे संयोजक आले. आमचा स्वमग्न साथीदार प्रत्येक तुकड्यावर नख फिरवतो, आवाज ऐकतो आणि त्या आवाजावरून तो कुठं टांगायचा ते ठरवतो. संयोजक म्हणाले, "छान आहे, पण तुकडे वर्षांच्या क्रमानं लावा. आणि ताई, तुम्ही तर नॉर्मल आहात, तुम्हीच यांच्या वतीनं बोला."

तो मान वर न करता म्हणाला, "का? आमी मुकं हाय व्हय?"

मी खदखदून हसले, आणि हात सुटले, फडफडले. भर दालनात, अप्पा, खांद्यापासून बोटांपर्यंत. म्हणाले, "मी यांच्यातलीच आहे. कुणी कुणाच्या वतीनं बोलणार नाही, आणि एक तुकडाही हलणार नाही." 'कळवतो' म्हणून ते गेले. कळवू देत. दालन काढून घेतलं तर गिरणीच्या पडक्या भिंतीवर टांगू. बिघडलेलं कापडही कापडच असतं, आणि ते कापून बाजूला काढणाऱ्यांत माझा बाप होता, हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

फक्त एक गोष्ट. चौथ्या वहीत तुम्ही चांगला म्हणून पास केलेल्या, आणि दोष निघून बाजारातून परत आलेल्या ताग्याचा तुकडा आहे. खाली साहेबाचा कडक शेरा, तुमच्या नावानिशी. ते पान मी कुणाला न सांगता वहीतून काढलं. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. हे पत्रही तिथंच ठेवते.