शून्यावरचा काटा

३ एप्रिल १९८४
बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये माझी बहीण विमला आणि मी एका बाकावर, एकाच पेन्सिलीने आळीपाळीने गणितं सोडवायचो. सिस्टर आल्या की पेन्सिल नेमकी तिच्या हातात असायची. आज तिच्याच मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आले. पन्नाशी उलटलेल्या दोघी बहिणी, हसून हसून पोट दुखलं. उद्यापासून वीज कचेरीत नवा संगणक चालवायचा.

५ एप्रिल
काम आवडलं. वीज कमी पडली की कुठल्या गावाची लाइन तोडायची, हे आजवर हंबीरराव ऑपरेटर ठरवत. आता माझा प्रोग्रॅम हजारो पर्याय पडताळून सगळं जाळं स्थिर ठेवणारा एक निवडतो आणि लाइन स्वतःच तोडतो. तोडण्याआधी गावाला फोन करायची हंबीररावांची रीत. वेळ जातो म्हणून मी ती पायरी गाळली. ते म्हणाले, बाई, तुमचं पावणं लई शाणं हाय, पर कुणाला इचारत न्हाय की.

११ एप्रिल
आजऱ्याची लाइन तोडली, तासाभराने जोडली. गावाने वीज घेतलीच नाही. तारा धड आहेत, काटा शून्यावर. फोन वाजतो, उचलत कुणी नाही. साहेब मात्र खूश. जाळं इतकं स्थिर कधीच नव्हतं म्हणे.

१५ एप्रिल
काल मलकापूर. तिथे हंबीररावांची आई, चिमणाबाई. ते एस.टी.ने जाऊन आले. दारं उघडी, तव्यावर भाकरीचा कोळसा, माणूस एक नाही. तुमच्या मशीननं माझी आय कुठं ठेवली, एवढंच विचारत राहिले.

१७ एप्रिल
मागणी कमी तितकी स्थिरता, असं मीच लिहिलं होतं. यंत्र त्यासाठी मागणाऱ्यांनाच नाहीसं — फोनची पायरी परत घातली. यंत्राने पुसली. बंद करा म्हटलं, तर साहेबांनी यंत्राच्या खटक्याच्या पेटीला कुलूप ठोकलं.

१९ एप्रिल
जयसिंगपूर. शून्य. हंबीरराव तोंडावर शिव्या घालतात. घालू देत.

२० एप्रिल, दुपार
यंत्राने पुढचं नाव छापलं — मंगळवार पेठ. विमला घरी आहे. तिला गाठायला वेळ नाही — त्या जागी आमच्या कचेरीचीच लाइन टाकली. यंत्रही हिच्यावरच चालतं, ही तुटली की तेही थांबेल. स्वतःची विजेची भूक त्याने कधी मोजली नाही. मी कळीवरचा हात काढला की यंत्र नाव परत बदलतं, म्हणून इथेच बसून —

हंबीररावांना जा म्हटलं. दारात बसलेत. आय गेली तिकडं मलाबी जायचंय, म्हणाले.

पाटल्या आणि शिवणयंत्र विमलाला. निळी पैठणी तिने नेसायची, ठेवून द्यायची नाही. चष्मा शेजारच्या अंबूबाईंना, नंबर एकच आहे. आणि विमलाला सांगा, आज जेवायला माझी वाट —