औलीच्या बर्फासाठी

॥ श्री ॥
पनवेल, २२ डिसेंबर

चि. निनादला आईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू दोन वाक्यांत उरकतोस, म्हणून लिहिते. डिसेंबर सरत आला तरी औलीला बर्फ नाही, उतारावर नुसतं गवत, आणि बर्फच नाही तर स्कीइंग शिकवणाऱ्याला हॉटेलवाला कशाला ठेवून घेईल, असं तू लिहिलंस. वाचून घास उतरेना. सई मला रोज मोबाईलवर तिकडचं हवामान दाखवते. रोज तोच पिवळा सूर्य. मी त्याला शिव्या देते, तेव्हा तुझी बहीण विचारते, आई, तू पनवेलची की औलीची?

कालपासून देव्हाऱ्यातला गणपती पाण्यात ठेवला आहे. तिकडे बर्फ पडेपर्यंत वर काढणार नाही.

१८ जानेवारीला बाबांचं वर्षश्राद्ध. गेल्या वर्षी बर्फाने रस्ता बंद झाला नि तुला पोचता आलं नाही. ते शेवटपर्यंत विचारत होते, तिकडचा बर्फ थांबला का. यंदा यायचंच.

माया आहेच, ती वाढवायला ये.
तुझी आई


औली, ७ जानेवारी

तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार.

तुझ्या गणपतीने ऐकलं! परवापासून नुसता कोसळतोय. उतारावर तीन फूट बर्फ आहे आणि अजून आठवडाभर असंच राहील म्हणतात. त्याला आता वर काढ, बिचारा गारठला असेल.

पण जोशीमठचा रस्ता बंद झालाय आणि मालक रजा देत नाही. १८ ला येणं जमत नाही. श्राद्ध सईला करू दे. बाबा म्हणायचे ना, बर्फ काय महिन्याचा पगार देतो? त्यांना सांग, दिला.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा निनाद


॥ श्री ॥
पनवेल, २० जानेवारी

चि. निनादला अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्याच दिवशी गणपतीला वर काढलं, पुसलं, एकवीस मोदक केले. सई म्हणत होती की मोबाईलवर अजून सूर्यच दिसतोय. तिला झापलं. म्हटलं, मोबाईल खरा की तुझा भाऊ?

श्राद्ध आपटा गावी नदीकाठी केलं. सगळं सईने केलं. पण कावळा पानाला शिवेना. तास झाला, गुरुजी घड्याळ बघू लागले. मला ठाऊक होतं बाबांचा जीव कशात आहे ते. मी पाण्याजवळ गेले आणि मोठ्याने सांगितलं, अहो, निनाद निघाला होता, बर्फाने रस्ता बंद आहे, थांबला की येईल. तेवढ्यात कावळा उतरला. सगळ्यांचे डोळे भरले.

सईचा उलव्याचा दीर दीपेश शनिवारी बायकोमुलांना घेऊन औलीला येतो आहे. त्याच्याबरोबर तिळाच्या लाडवांचा डबा पाठवते.

आमची आठवण ऊबदार राहो.
तुझी आई


पनवेल, ४ फेब्रुवारी

निनाद,

डबा परत आला, झाकणाची दोरीसुद्धा सुटलेली नाही.

दीपेशने फोटो दाखवले. पिवळं गवत, बंद पडलेला रोपवेचा पाळणा, आणि भाड्याचे गमबूट घालून मातीत उभी त्याची पोरं. हॉटेलवाला म्हणाला, या मोसमात बर्फ पडलाच नाही, निनादला डिसेंबरातच काढलं, तो ऋषिकेशला कुठल्याशा खानावळीत आहे. तुझ्या पाकिटावर शिक्काही ऋषिकेशचाच होता. रस्ता बंद असताना पत्र कसं आलं, एवढंसुद्धा माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात आलं नाही. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकते, तिथला माणूस पुढे पाठवतो म्हणे.

नोकरी गेली याचं मला काही नाही. खानावळीत भांडी घासलीस तरी माझ्याच पोटचा. बाबांचं म्हणणं खरं ठरलं, याची तुला लाज वाटली असेल. पण त्या लाजेपायी तू मला देवाचे आभार मानायला लावलेस. मी गणपतीसमोर मोदक ठेवून हात जोडले ते कशासाठी? आता दिवा लावताना मान वर होत नाही.

आणि त्यांना मी नदीकाठी काय सांगितलं, ते तुला लिहिलं होतं. तुझं खोटं माझ्या तोंडून गेलं, आणि त्यांनी ते मानून घास घेतला. जिवंतपणी तुझं एकही कारण ज्यांनी मानलं नाही, त्यांनी.

मायेचं काही लिहीत नाही. पुढच्या वर्षी पान ठेवताना त्यांना काय सांगू, तेवढं कळव.

आई