लाल चालू आहे

३ मे, सकाळ
माझा डावा गमबूट स्वयंपाकघराच्या दाराला टेकण म्हणून लावला आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. उजवा मोकळा आहे. एका गमबुटावर आजवर कोणी शेती केल्याचं ऐकिवात नाही. सौ.ला जाब विचारला. म्हणाली, थंडीपासून तो तिथेच आहे, तुम्हाला आज दिसला. या घरात शेतकऱ्याला किंमत नाही. निषेध म्हणून आजपासून रोजनिशी.

३ मे, संध्याकाळ
सौ.ने अल्टिमेटम दिलं. ऑफिसातून लवकर निवृत्ती घेऊन मी घरामागचं शेत करायला घेतलं, त्याला दोन हंगाम झाले. पहिल्या हंगामात गवत आलं. दुसऱ्यात जरा दर्जेदार गवत आलं. आता महिनाअखेर शेत नांगरून झालं नाही, तर ती ते साडूंना वाट्याने करायला देणार. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माझ्याहून लहान, माझ्याहून कमी शिकलेले आणि कारण नसताना हसतमुख. त्या हसऱ्या तोंडाला माझं शेत मिळणार नाही. लिहून ठेवतो.

५ मे
सासऱ्यांचा फोन. गुडघे ऐकत नाहीत, शेडमधले दोन जुने ट्रॅक्टर दोन जावयांना एकेक देऊन टाकतो म्हणाले. "जावईबापू, तुम्ही थोरले. आधी तुम्ही निवडा." एक लाल, एक निळा, दोघेही वयाने मला वडीलधारे. सौ. म्हणाली, रोजच्या कामाला बाबा कुठला काढायचे ते मला विचारा. विचारलं नाही. माहेरचा विषय निघाला की तिचं मत तटस्थ राहत नाही.

७ मे
पाहणी केली. लाल पहिल्या किल्लीला ओ देतो. दोन्ही दिवे, दोन्ही मडगार्ड, हॉर्न असा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. निळ्याचं एक मडगार्ड कधीच गेलेलं, सीटवर पोतं. सासरे बराच वेळ त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होते, तेव्हा कुठे तो खोकला. मग एवढा धूर, की सासूबाईंनी दोरीवरचे कपडे आत नेले.

९ मे
तुलनात्मक तक्ता तयार. ऑफिसात सगळे माझ्या तक्त्यांना दबून असायचे. निकष: दिसणं, आवाज, हॉर्न, दिवे, बघणाऱ्यावर पडणारी छाप. लाल सगळीकडे पहिला. निळ्याला सहानुभूतीचा एक गुण. सौ.ने चष्मा लावून तक्ता वाचला आणि विचारलं, यात नांगर कुठे आहे? सूचना विचाराधीन ठेवली आहे.

१० मे
तरी आपला निर्णय घाईचा नको, म्हणून चौकातल्या गॅरेजवाल्या मेकॅनिकला सासऱ्यांकडे घेऊन गेलो. माणूस आढ्यतेखोर. लालवरून हात फिरवताना मला म्हणाला, साहेब, शेतात जायचंय की वरातीत? मी हसलो नाही. दोन्ही सुरू केले, लिव्हर वरखाली केले, ऑइल बोटावर घेऊन चोळलं. मग एका दमात निकाल: "निळा गरीब आहे. लाल चालू आहे."
संपलं. चालू वस्तू समोर असताना गरीब वस्तू घरी न्यायला मला काय भिकेचे डोहाळे लागलेत? लाल घेतला. साडूही आले होते, त्यांचा चेहरा मुद्दाम निरखला. "छान झालं, दादा," म्हणाले आणि निळ्याच्या बॉनेटवर थोपटत राहिले. माणूस दुःख लपवतो, पण हात चुगली करतात.

११ मे
लाल घरी. रस्ताभर हॉर्न. शेजारी दारात आले. एकाने विचारलं, कसली जाहिरात आहे? सौ. बघत राहिली. म्हणाली, "बाबा हा फक्त पाहुणे आले की बाहेर काढायचे." म्हणजे बघा, किती जपलेला!

१४ मे
लाल धुतला. पॉलिश केला. नांगरणी उद्या.

१५ मे
सीटला उशी शिवायला टाकली. नांगरणी उद्या. यंत्राची आणि माणसाची आधी ओळख व्हावी लागते.

१८ मे
नांगरणीस प्रारंभ. एका किल्लीत सुरू. पहिला पट्टा असा सरळ, की मी उतरून मागे जाऊन बघून आलो. ऊन चढलं आणि नांगर वर उचलेना. लिव्हर ओढला. लिव्हर ढकलला. अजीजीने बोललो. नांगर जमिनीत, मी आभाळाखाली. इंजिन बंद केलं तर परत सुरूही होईना. संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा एका किल्लीत सुरू, नांगर अलगद वर, अंगणापर्यंत गात आला. ऊन बाधलं असणार. मलाही बाधतं.

२१ मे
परत तेच. सौ.ने खिडकीतून विचारलं, काय झालं? तिला समजेल अशा भाषेत सांगितलं, की तांत्रिक आहे. उद्यापासून पहाटे उठून, तो गार असतानाच नांगरायचं. साधा उपाय. मोठ्या माणसांना साधेच उपाय सुचतात.

२२ मे
उठलो नाही.

२३ मे
उठलो. दोन पट्टे झाले आणि तो तापला. या वेगाने शेत पुढच्या उन्हाळ्यात नांगरून होईल. मुदत या उन्हाळ्याची आहे.

२६ मे
साडूंचं शेत नांगरून झालं म्हणे. निळ्याने सलग केलं. असेल. ज्याला रूप नाही त्याने कष्ट तरी करावेत.

३० मे
लाल काल दुपारपासून शेताच्या मधोमध उभा आहे. आज काही तो गार होऊनही ऐकत नव्हता. नाइलाजाने मेकॅनिकला बोलावलं. म्हणाला, दोन्ही पंप झिजलेत, नांगर उचलायचा आणि डिझेलचा. ऑइल तापून पातळ झालं की हा अंग चोरतो. चारचौघांत मात्र शहाण्यासारखा वागतो. "म्हणून तर तुम्हाला आधीच सांगितलं, साहेब. चालू आहे!"
मी म्हटलं, चालू म्हणजे सुरूच ना?
त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सुरू? अहो, चालू! चालू हो! आमच्या मेहुण्यासारखा!"
घसा साफ करून विचारलं, मग गरीब म्हणजे?
"गरीब म्हणजे गरीब. गाईसारखा. जुंपाल तिकडे जाईल, मुकाट."
चूक माझी नाही. भाषेची आहे. ऑफिसात असतो तर लेखी अभिप्राय मागवला असता.
सौ. चहा घेऊन शेतात आली होती, तिने सगळं ऐकलं. आत जाऊन बहिणीला फोन लावला. उद्या शेवटचा दिवस. शेत गेलं.

३१ मे
सकाळीच साडू निळा घेऊन आले. आधी लालला दोर लावून बांधावर ओढून काढला. एवढा देखणा ट्रॅक्टर उलटा जाताना बघवेना, मी पाठ फिरवली. परत वळलो तर निळ्यावर सौ. बसलेली. साडू खाली उभे. ती काहीतरी पुटपुटली, निळा खोकला आणि निघाला. साडू म्हणाले, "ताई लग्नाआधी हाच चालवायच्या ना! तुम्हाला माहीत नव्हतं, दादा?" माहीत होतं, असं सांगितलं.
मी बांधावरून देखरेख केली. एकदा हात करून उजवीकडे वळ म्हटलं, ती डावीकडे वळली, आणि डावीकडेच वळायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत शेत झालं. निळा एकदाही थांबला नाही. तीही नाही.
वाटा किती ठरला, असं मीच साडूंना विचारलं. एकदा कळलेलं बरं. ते म्हणाले, "कसला वाटा? मुदतीत नांगरून झालंय की. मी तर चहाला आलो होतो." सौ.ने कपाळावरची माती पुसत सांगितलं, शेत आपलंच राहील, पण पेरणी मी करणार, तुम्ही बियाणं उचलून द्यायला या.
'सल्लागार' हा शब्द मला सुचला होता. बोललो नाही.

१ जून, सकाळ
काल परत जाताना निळा फाटकाशी दोनदा अडखळला होता. टाकी आमच्या शेतात रिकामी होत आली होती. साडू त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत.
डिझेलचा कॅन भरून त्यांच्या शेडवर चालत गेलो. जड होता. दोनदा हात बदलला. टाकी काठोकाठ भरली. थोडं सांडलं ते रुमालाने पुसलं. सीटवरचं पोतं झटकून परत घातलं. घरात भांड्यांचा आवाज येत होता, साडू गुणगुणत होते. हाक मारली नाही.
रिकामा कॅन फार वाजतो. बगलेत धरून आलो.